कागद जुळवा, मग पेणला जा

अष्टमीच्या माणसाला सरकारी फॉर्मवर गावाचं नाव लिहिताना क्षणभर थांबावं लागतं. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला आम्ही. नगरपरिषद दोघांची मिळून एकच, रोहा-अष्टमी. त्यामुळे एकाच माणसाच्या कागदांवर दोन-तीन गावं सापडतात. माझ्या आधारकार्डावर ‘अष्टमी, ता. रोहा’ आहे, लायसन्सवर ‘रोहा-अष्टमी’ आणि बँकेच्या पासबुकावर नुसतंच ‘रोहा’. सासऱ्यांच्या जुन्या कागदांवर तर जिल्हाही वेगळा, कुलाबा. १ जानेवारी १९८१ला कुलाब्याचा रायगड झाला, ट्रंकेतले कागद मात्र कुलाब्यातच राहिले.

माझी सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात गेली. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाइड, शिष्यवृत्तीचे अर्ज. निवृत्त झाले तरी आळीतली माणसं पिशवीत कागद घालून येतात आणि ‘काकू, जरा हे बघता का?’ म्हणून ओटीवर बसतात. पूर्वी जातीचे दाखले नि रेशनकार्डं असायची. आता त्यात गाडीच्या लायसन्सची भर पडली आहे. माझंही लायसन्स याच सुमारास नव्याने करायची वेळ आली. स्कूटरशिवाय माझं पान हलत नाही. बाजार, बँक, दवाखाना सगळं पुलापलीकडे.

आमच्या जिल्ह्याचं जुनं परिवहन कार्यालय पेणला. गाड्यांवरचा एमएच ०६ हा क्रमांक तिथला. पनवेलला नंतर वेगळं कार्यालय आणि एमएच ४६ मिळालं. अष्टमीहून पेणला जायचं म्हणजे नागोठणे, वडखळ करत मुंबई-गोवा महामार्गाने, किंवा रोह्याहून दिव्याच्या गाडीने. २०११पासून रुंदीकरणाखाली असलेल्या त्या रस्त्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख दुसराच होईल. एवढंच सांगते की एका झेरॉक्सपायी तिथून परत फिरावं लागणं परवडणारं नाही.

आधी मुदतीचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. आपल्याकडचा मोटार वाहन कायदा १९८८चा, अंमल १ जुलै १९८९पासून. त्यात खासगी गाडीचं लायसन्स २० वर्षांसाठी किंवा वयाची पन्नाशी येईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालायचं. लोकांच्या डोक्यात अजून हेच आहे. २०१९मध्ये कायदा बदलला. आता तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं किंवा नव्याने केलं तर १० वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये केलं तर वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत. आणि पंचावन्नच्या पुढे दर वेळी ५ वर्षं. म्हणजे माझा भाचा अठ्ठावीस वर्षांचा, त्याचं लायसन्स बाराच वर्षं चालणार. तो मात्र २० वर्षांच्या भरवशावर निर्धास्त होता.

यात वय कुठलं धरायचं, हाही प्रश्न आमच्याकडे हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाचं नाव शाळेत घालायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकत. माझ्या रजिस्टरात अशा १ जूनच्या ओळीच्या ओळी होत्या. पुढे आधार आलं. तिथे नुसतं वर्ष सांगितलं तर संगणक १ जानेवारी धरतो. असा एक माणूस दाखल्यावर १ जूनचा आणि आधारवर १ जानेवारीचा. त्याच्या आईच्या मते तो गौरी-गणपतीतला, पण तिची साक्ष कोण काढतो! त्याच्यासाठी कागदाशी कागद जुळणं हेच खरं.

आता मुदत संपल्यानंतरचं. पूर्वी कायद्यात ३० दिवसांची सवलत होती: मुदत संपली तरी महिनाभर लायसन्स चालू समजायचे. २०१९च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. आज मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स. मग लोक ज्या ‘एक वर्षा’बद्दल बोलतात ते काय? ते वर्ष अर्ज करण्यासाठी आहे. मुदत संपायच्या आधी एक वर्षापर्यंत आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत अर्ज केला तर चाचणी न देता नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा गाडी चालवून दाखवायची. त्या वर्षात गाडी चालवायची परवानगी मात्र कुणी दिलेली नाही. हा फरक मी कितीतरी जणांना समजावला आहे आणि दर वेळी समोरचा माणूस माझ्याकडे संशयानेच बघतो. ‘करोनात दिली होती की मुदतवाढ,’ म्हणतात. दिली होती. १ फेब्रुवारी २०२०नंतर संपलेली लायसन्सं केंद्र सरकारने तारखा पुढे ढकलत ३१ ऑक्टोबर २०२१पर्यंत वैध धरली. ती साथीच्या काळातली सोय होती, ती संपली.

पकडलं तर दंड ५,००० रुपये. २०१९च्या आधी तो ५०० होता. शिवाय कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आणि लायसन्स नसलेल्याच्या हाती आपली गाडी देणाऱ्या मालकालाही वेगळा दंड आहे; लग्नाच्या वऱ्हाडात ‘घे रे चावी’ म्हणणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवताना कुणाला धडक बसली तर काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात यावर सविस्तर निकाल दिला. लायसन्स नव्हतं वा मुदत संपली होती एवढ्यावर विमा कंपनीला अपघातग्रस्ताला वाऱ्यावर सोडता येत नाही. पण त्याला भरपाई दिल्यावर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. म्हणजे जखमी माणूस वाचला, गाडीमालक बुडाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर कंपनी सरळ नाकारू शकते. नूतनीकरणाचं मूळ शुल्क २०० रुपये आहे. कार्ड आणि टपाल वगैरेचे वर. उशीर केलात तर ते ३०० आणि लांबलेल्या प्रत्येक वर्षाला, वर्षाच्या तुकड्यालासुद्धा, १,००० रुपयांची भर अशी नियमांत सोय आहे. एवढ्याशा रकमेसाठी घर गहाण पडायची जोखीम घेऊ नये.

धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे आमच्या भागात टँकरचालक बरेच. त्यांचं गणित आपल्यापेक्षा निराळं. व्यावसायिक गाडीचं लायसन्स पूर्वी ३ वर्षांचं असे, आता ५ वर्षांचं. पण ज्वालाग्राही किंवा घातक माल वाहणाऱ्याला पूर्वी फक्त १ वर्ष मिळे, आता ३. शेजारचा एक चालक एकदा मला कार्ड दाखवत म्हणाला, ‘काकू, यावर तारीख तर अजून चांगली लांब आहे.’ तो बघत होता एनटी लिहिलेली तारीख, म्हणजे खासगी गाडीची. टीआर लिहिलेली, टँकरला लागू असलेली तारीख तोंडावर आली होती. कार्डावर या दोन्ही तारखा शेजारी शेजारी असतात आणि अक्षर इतकं बारीक की चष्म्याशिवाय दिसायचं नाही. ज्यांच्या पोटाचा प्रश्न स्टिअरिंगवर आहे त्यांनी आधी टीआर बघावं.

मिनिडोर आणि छोटे टेम्पो चालवणाऱ्यांना एक दिलासा मात्र मिळाला आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ला सांगितलं. धोकादायक मालाला हे लागू नाही.

आता अर्ज. सगळं काम ‘सारथी’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून सुरू होतं. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, एवढं तपासा. शोधयंत्रात ‘लायसन्स रिन्यू’ टाकलं की वरच्या ओळींत हुबेहूब दिसणारी दुकानं येतात आणि पैसे घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं चलान बाकी आहे’ म्हणून एखादी फाइल आली तर ती उघडूच नका. फोनमधून पैसे काढून नेण्याचा तो धंदा आहे.

मार्च २०२१मध्ये केंद्र सरकारने लायसन्स आणि गाडीच्या नोंदणीच्या १८ सेवा आधारच्या ओळखीवर, कार्यालयात न जाता मिळतील असं ठरवलं. पुढे सप्टेंबर २०२२मध्ये हा आकडा ५८वर गेला. चाचणी लागत नसेल तर नूतनीकरण त्यात बसतं. म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, नाव-पत्ता-फोटो आधारमधून आपोआप उचलला जातो, शुल्क तिथेच भरायचं, कार्ड टपालाने घरी. पेणला जायचंच नाही. माझ्या भाच्याचं पत्ताबदलाचं काम असं चहा निवेपर्यंत झालं, आणि त्याने ते मला फार सहजपणे सांगितलं, म्हणून मला थोडा रागही आला.

कारण ही सोय कागद जुळणाऱ्यांसाठी आहे. ओटीपी यायला आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा; आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांच्या आधारला मुंबईतल्या मुलाचा जुना नंबर जोडलेला. तो मुलगा नंबर बदलून मोकळा झालेला. दुसरी गोष्ट नावाची, आणि इथे बायका जास्त अडकतात. माझं लायसन्स लग्नाआधीचं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मागच्या वेळी कार्यालयात समोर बसलेल्या माणसाने दोन्ही कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की ही तीच बाई. संगणकाला असलं काही कळत नाही. त्याच्या लेखी त्या दोन बायका.

अशा वेळी नूतनीकरणाच्या अर्जाबरोबरच नावबदलाचाही अर्ज करायचा असतो. पुरावा म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो ते. आमच्या पिढीतल्या किती लग्नांची नोंदणी झालेली असते? लग्नपत्रिका आणि अल्बम यांच्यावर संसार झाले. उशिराची विवाह नोंदणी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत होते, पण तिला भटजी, साक्षीदार, फोटो, प्रतिज्ञापत्र असं बरंच लागतं. आणि माझं लग्न लावणारे भटजी आता कुठून आणायचे? मी गॅझेटचा रस्ता धरला. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रणसंचालनालयाकडे हा अर्ज आता ऑनलाइन करता येतो, पूर्वीसारखं चर्नी रोडला खेटे घालावे लागत नाहीत. गॅझेट छापून आलं की त्याची प्रत जपून ठेवा. ती पेन्शनला, बँकेला, वारसाच्या कामाला सगळीकडे चालते. माझं हे होईपर्यंत काही महिने गेले आणि मी घाबरले नाही, कारण लायसन्सची मुदत संपायला अजून अवकाश होता. कायद्याने आधीचं एक वर्ष दिलंय ते याच्यासाठी वापरावं.

सासऱ्यांसारखी हाताने लिहिलेली पुस्तकवजा लायसन्सं ज्यांच्याकडे आहेत त्यांचं दुखणं आणखी निराळं. ती लायसन्सं दिली गेली तेव्हा संगणक नव्हता, म्हणून सारथीवर नंबर टाकला की ‘नोंद सापडत नाही’ येतं. लोक घाबरतात, आपलं लायसन्स खोटं होतं की काय म्हणून. खोटं नसतं, जुन्या वहीतून ते संगणकात उतरवलेलं नसतं एवढंच. याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं तिथे मूळ पुस्तक घेऊन जायचं, त्यांनी आपल्या दप्तराशी ताडून नोंद करायची, त्यानंतरच पुढचा अर्ज. हे काम घरबसल्या होत नाही. जाताना मूळ पुस्तकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स आणि जन्मतारखेचा पुरावा घेऊन जा. पुस्तक लॅमिनेट केलेलं असेल तर त्याच्या मागच्या बाजूचे शिक्के दिसतात का ते आधीच बघा.

एजंट करावा का, हा प्रश्न मला हमखास विचारतात. माझं मत विचाराल तर तरुणांनी करू नये. बॅकलॉग, हरवलेलं लायसन्स, परजिल्ह्यातून आणलेलं लायसन्स असा गुंता असेल आणि घरात मदतीला कुणी नसेल तर केलात म्हणून मी नावं ठेवणार नाही. पण एजंट असो की सेवा केंद्र, अर्जात मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. त्याचा टाकला की ओटीपी त्याच्याकडे, टपालाचा निरोप त्याच्याकडे, आणि तुम्ही कायमचे त्याच्या दारात. पावतीवरचा अर्ज क्रमांकही लिहून घ्या. त्यावरून अर्ज कुठे अडकलाय ते कुणालाही बघता येतं. पेणच्या कार्यालयाची तालुक्याच्या गावांना शिबिरंही होतात, त्यांची चौकशी आधी करावी; तारीख सोयीची मिळाली तर वडखळचा वळसा वाचतो.

कार्ड टपालाने येतं तेव्हा दाराला कुलूप असलं तर परत जातं. इथे पुन्हा तो रोहा की अष्टमी हा घोळ उपटतो. पत्त्यात आळीचं नाव आणि जवळची खूण घातलेली बरी. पोस्टमनला आळी कळते. कार्ड हाती यायच्या आधी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये लायसन्स दिसायला लागतं आणि ते पोलिसांना दाखवलं तर कायद्याने चालतं. २०१८पासून नियमांतच तसं आहे. त्याची झेरॉक्स किंवा फोनमध्ये काढलेला फोटो मात्र त्यात मोडत नाही.

अर्जाच्या नमुन्यात एक चौकट आहे, जिच्यावरून बहुतेक जण घाईने पुढे जातात: अपघाती मृत्यू झाला तर अवयवदानाची इच्छा आहे का? घरच्यांशी बोलून तिथे काय ते उत्तर द्या. मी ‘हो’ लिहिलं आहे.

राहता राहिला डॉक्टरांचा दाखला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आणि व्यावसायिक गाडी चालवणाऱ्याला तो लागतो. नमुना १-अ त्याचं नाव. बाकीचे सगळे कागद तुम्ही कोण, कुठले, कधी जन्मलात एवढंच विचारतात. हा एकच कागद विचारतो की तुम्हाला गाडी चालवता येण्याइतकं दिसतं का. दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का. सौम्य किंवा मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना जून २०२०पासून लायसन्स मिळू शकतं, तेव्हा ते लपवायचंही कारण उरलेलं नाही. आता हा दाखला नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून थेट सारथीवर चढवतात. पण ओळखीच्या दवाखान्यात जाऊन, बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या सही घेऊन येणारे मी पाहिले आहेत.

इतर देशांत याकडे कसं बघतात ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये सत्तरी आली की लायसन्स दर ३ वर्षांनी नव्याने करावं लागतं. जपानने पंचाहत्तरीपुढच्या चालकांना २००९पासून स्मरणशक्तीची चाचणी लावली, आणि तिथे म्हातारी माणसं स्वतःहून लायसन्स परत करतात त्याचीही सरकारी सोय १९९८पासून आहे. आपल्या कायद्यात वरच्या वयाची मर्यादा नाही. पंचावन्ननंतर दर ५ वर्षांनी येणारा हा दाखला, एवढीच चाळणी.

तेव्हा डॉक्टरांना सांगा, सही सावकाश करा, आधी डोळे तपासा. मी सांगितलं. त्यांनी दवाखान्याच्या दारातून रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर वाचायला लावला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले. दाखला दिला, पण रात्रीची स्कूटर बंद करायला सांगितली, आणि ती मी बंद केली आहे. तुमच्या घरात पंचावन्नच्या पुढचं कुणी गाडी चालवत असेल तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा आणि ही तपासणी खरोखर होते का ते पाहा.